टॉवेलाखालचा हात

झुंबरबाईचा आवाज ऐकायला गंगावेशीच्या कट्ट्यावर जायलाच पाहिजे असं काही नाही. तो पंचगंगेच्या घाटापर्यंत पोचतो असं लोक म्हणतात, आणि लोक काही अगदीच खोटं बोलत नाहीत. संध्याकाळ झाली की ही बाई आपल्या म्हशी घेऊन कट्ट्यावर उभी राहते. गिऱ्हाईक आलं की त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची, फेसासकट ग्लास हातात द्यायचा, आणि जमलं तर वर त्याची खरडपट्टीही काढायची. एकदा एका पैलवानानं थट्टेत विचारलं, "मावशी, पाणी घातलंय का?" "घातलंय की. सकाळी म्हशीला पाजलं तेवढं," असं म्हणून तिनं त्याला रांगेच्या शेवटी धाडलं. कोल्हापुरात दूध असंच प्यायचं असतं, जे काय ते समोर आणि उघड्यावर. पिशवीतल्या दुधाला तर झुंबरबाई दूध म्हणायलाच तयार नाही.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. दोन्ही लेकी उजवून दिल्या, त्या आपापल्या घरी सुखी आहेत. घर नदीकडच्या गल्लीत, पुढं गोठा आणि मागं खोल्या. बोलायला म्हशी. आणि म्हशींशी ती माणसांपेक्षा बऱ्या शब्दांत बोलते, हे आख्ख्या पेठेला ठाऊक आहे.

अशा बाईकडं एक दिवस मुबशिरा मॅडम आल्या. फसवून नेलेल्या, विकलेल्या आणि मग सोडवून आणलेल्या पोरींना सांभाळणारी एक संस्था उचगावच्या बाजूला आहे, तिचं सगळं काम मुबशिरा मॅडम बघतात. त्यांचे वडील दस्तगीरचाचा याच कट्ट्यावर दूध पीत म्हातारे झाले, त्यामुळं ओळख जुनी.

"मावशी, एक पोरगी आहे," त्या म्हणाल्या. "पूर्णिमा नाव. शिवण शिकवलं, मेणबत्त्या शिकवल्या, पार्लरचा कोर्स लावला, कशात मन नाही. पण शेजारच्या गोठ्यातली म्हैस रेकली की खिडकीत जाऊन उभी राहते. तुमच्याकडं शिकायला पाठवू का?"

"मी काय शाळा काढलीया व्हय?"

"शाळा नकोच आहे तिला."

झुंबरबाईनं ग्लास विसळला, उपडा घातला आणि म्हणाली, "दे धाडून. पर तिचं काय काय झालं ते मला सांगू नको. म्हशीला कधी इचारत न्हाय मी, आधी कुणाच्या दावणीला हुतीस म्हणून. पोरीला तरी कशाला इचारू?"

बोलणं चांगल्या मनाचं होतं. पण चांगल्या मनानं केलेली गोष्टसुद्धा कधी कधी अंगाशी येते, ते पुढं कळेलच.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या रिक्षातून पोरगी उतरली. अंगानं काटकी, आणि स्कूटरवरच्या पोरी बांधतात तशी ओढणी नाकापर्यंत बांधलेली. नुसते डोळे दिसत होते, आणि ते जमिनीकडं. झुंबरबाई म्हणाली, "ये बाई. मला मावशी म्हण, आख्खी पेठ म्हणतीया."

पोरीचे डोळे वर आले आणि तसेच थिजले. दिवसभर ती गोठ्याच्या पार कोपऱ्यात शेण ओढत राहिली. संध्याकाळी मुबशिरा मॅडमनी फोनवर सांगितलं, की जिथं तिला ठेवलं होतं तिथल्या बाईला सगळ्या पोरी मावशीच म्हणत. झुंबरबाई फोन ठेवून बराच वेळ उंबऱ्यावर बसली. जन्मभर मिरवलेल्या नात्याची तिला त्या संध्याकाळी किळस आली.

सकाळी तिनं पोरीला सांगितलं, "हे बघ, मला काय म्हणायचं ते तुझं तू ठरव. शिव्या तेवढ्या सोडून."

पोरगी काहीच म्हणायची नाही. काम पडलं की "अवो" म्हणायची, तेही म्हशीच्या आडून. पण हात! हाताला तिच्या तोड नव्हती. कागलच्या पलीकडच्या खेड्यात, बापाच्या गोठ्यात वाढलेली पोर ती. मोगरी नावाची झुंबरबाईची म्हैस एक नंबरची खट्याळ, परक्याचा हात कासेला लागला की बादली उडवायची. पूर्णिमानं तिच्या पोटाला डोकं टेकवलं, कासेवर कोमट पाणी मारलं, आणि मोगरी देवळातल्यासारखी उभी राहिली. झुंबरबाई दारातून बघत होती. मनात म्हणाली, ह्या पोरीला मी काय शिकवणार, कपाळ?

हळूहळू पोरगी कट्ट्यावर यायला लागली. ओढणी तशीच नाकावर. एकानं ग्लास तोंडाला लावता लावता विचारलं, "मावशी, ही नवी कोण? कुणाची म्हणायची?"

"तुझ्या आज्ज्याची दुसरी बायको," झुंबरबाई म्हणाली. "दूध पी गप."

रांग खदखदून हसली. ओढणीच्या आत काहीतरी हललं, आणि पोरीचे डोळे बारीक झाले. ती हसत होती. झुंबरबाईनं तिकडं बघितलंच नाही असं दाखवलं, पण त्या दिवशी सगळ्या गिऱ्हाइकांच्या ग्लासात दूध जरा जास्तच पडलं.

पावसाळा सरला. दिवाळीच्या तोंडावर मुबशिरा मॅडम पुन्हा आल्या, तोंड जरा उतरलेलं. पूर्णिमाला अठरा वर्षं पूर्ण झाली होती. संस्थेत आता ठेवता येत नव्हतं. गावाकडं न्यायला कुणी येणार नव्हतं, आणि जो आला असता त्याच्याकडं धाडणं म्हणजे खाटकाच्याच दारात नेऊन बांधणं. पुण्याच्या एका वसतिगृहात जागा होती. नाहीतर...

"न्हाय तर काय? हितं ऱ्हाऊ दे की," झुंबरबाई म्हणाली. "मागली खोली मोकळी हाय."

"मला माहीत होतं तुम्ही म्हणणार," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही म्हणून चालत नाही, मावशी, आणि मी म्हणूनही नाही. तिनं म्हटलं पाहिजे. आजवर तिला कुणी विचारलंच नाही, कुठं राहायचंय ते. संस्थेच्या पुढच्या बैठकीत तिला विचारणार. ती म्हणेल ते."

आता झुंबरबाईच्या जिवाला घोर लागला. पोरगी काय म्हणेल? जी तोंडानं साधी हाक मारत नाही, ती "मला हिच्याकडं राहायचंय" असं म्हणेल? झुंबरबाईनं मागची खोली सारवून-पोतेरून घेतली, भिंतींना चुना दिला, लेकीची जुनी कॉट बाहेर काढून ऊन दाखवलं. पोरीला खोली दाखवावी असं दहादा वाटलं, पण आमिष दाखवल्यासारखं होईल म्हणून राहून गेलं. आणि मग तिच्या डोक्यात आली ती कल्पना. पोरीला तिची स्वतःची म्हैस घेऊन द्यायची. तिनं निवडलेली, तिच्या हक्काची. मग ती इथं राहो नाहीतर कुठं जावो, दावणीला एक जनावर तिचं म्हणून उभं राहील. झुंबरबाईला ही कल्पना इतकी आवडली की ती एकटीच गोठ्यात हसली.

वडगावच्या बाजारादिवशी आकारामचा टेम्पो सांगितला. हा आकाराम गल्लीतलाच, जनावरांची ने-आण करणारा. मुबशिरा मॅडमची परवानगी घेतली आणि सकाळी सकाळी तिघं पेठ वडगावला पोचली. बाजार नुसता फुलला होता. धूळ, गवताचा वास, चहाच्या गाड्या, आणि लांबच लांब शिंगांच्या म्हशींच्या रांगा. पूर्णिमाची चालच बदलली. ती रांगेतून पुढं पुढं जायला लागली, एकीच्या पाठीवर हात फिरव, दुसरीची कास बघ, तिसरीच्या पायाशी वाक. झुंबरबाई मागून चालत होती. उरूस बघायला आणलेल्या पोरीमागं आई चालावी तशी.

एका म्हशीपाशी पूर्णिमा थांबली. दुसऱ्या वेताची म्हैस, पायाशी काळीभोर रेडी.

"ही," ती म्हणाली.

"हीच का?"

"हिचं डोळं गप हायत."

म्हैस गुंडू हेड्याची होती. हेडी म्हणजे जनावरांचा दलाल, आणि गुंडू त्यातला मुरलेला. "काय मावशी, लेक का?" त्यानं विचारलं.

"व्हय की," झुंबरबाई बोलून गेली. पोरीनं ऐकलं. तिनं काही नाकारलं नाही, म्हशीच्या कपाळावरचा हात तेवढा थांबला आणि पुन्हा फिरायला लागला. झुंबरबाईला वाटलं, जिंकलं आपण.

वडगावची रीत अशी, की जनावराचा भाव तोंडानं बोलायचा नाही. हेडी खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकतो, गिऱ्हाईक त्याखाली हात घालतं, आणि एकमेकांची बोटं दाबून भाव ठरतो. भोवती माणसं उभी असतात, पण टॉवेलाखाली काय चाललंय ते त्या दोघांनाच ठाऊक. बायकांनी त्यात हात घालायचा नाही असा संकेत होता. नवरा गेल्यावर झुंबरबाईनं तो मोडला, आणि तेव्हापासून आख्खा बाजार तिला मानतो. त्याचा तोराही तिला थोडाथोडका नाही. आज तर पोरगी बघत होती. झुंबरबाईनं पदर खोचला आणि ऐटीत टॉवेलाखाली हात घातला. गुंडूनं बोटं दाबली. तिनं मान उडवली. त्यानं पुन्हा दाबली, तिनं हात ओढला, त्यानं धरून ठेवला. शेवटी गुंडू दात काढून हसला आणि म्हणाला, "घ्या, दिली."

"आता ही तुझी बघ," म्हणत झुंबरबाई वळली. म्हशीची दोरी मातीत पडली होती. पोरगी नव्हती.

आधी वाटलं, पाणी प्यायला गेली असेल. मग झुंबरबाईनं चहाच्या गाड्या बघितल्या, हौद बघितला, बायकांची आडोशाची जागा बघितली. भलत्या कुणी नेली तर? ज्या आवाजाला घाटावरची माणसं ओळखतात, तो आवाज तिला फुटेना. शेवटी आकारामनं हाक मारली. पोरगी त्याच्या टेम्पोमागं, चाकाला टेकून बसली होती. ओकली होती.

"काय झालं बाळ?" झुंबरबाईनं तिच्याकडं हात नेला.

"हात लावू नगा," पोरगी म्हणाली. हळू म्हणाली, पण झुंबरबाई चटका बसल्यासारखी मागं सरली.

परत येताना पूर्णिमा पुढं, खिडकीला चिकटून बसली. झुंबरबाई मागं उभी, म्हशीशेजारी. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, पण मारुती कुठं झाला तेच तिला उमगत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मुबशिरा मॅडमचा फोन आला, "जेवते, झोपते, पण बोलत नाही. काल एवढंच म्हणाली, पुण्याला माझं नाव घाला."

फोन ठेवून झुंबरबाई गोठ्यात गेली. नवी म्हैस खाली मान घालून उभी होती. तिनं आल्यापासून पान्हा चोरला होता. रेडी सोडून बघितली, पेंड दाखवली, गोंजारलं, पण कासेत असलेलं दूध ती उतरू देत नव्हती. कट्ट्यावर कुणी विचारलं, "मावशी, ती तुमची पोरगी कुठं गेली?" तर झुंबरबाईनं नुसता ग्लास पुढं केला, आणि त्या माणसाला शिवी न मिळाल्यामुळं वाईट वाटलं.

तिनं खूप डोकं खाजवलं. गर्दीला भ्याली का? उन्हाचा त्रास झाला? मग आठवलं, आपण गुंडूला तिला लेक म्हणून सांगितलं. तेच लागलं असणार. जन्म दिला नाही, दोन वेळचं जेवण घातलं तेही कामावर बोलावून, आणि चालली लेक म्हणायला. झुंबरबाईनं किटलीत दूध घेतलं आणि बस धरून उचगावला गेली.

पूर्णिमा संस्थेच्या मागल्या पायरीवर मेथी निवडत बसली होती. ओढणी घरातही नाकावर. झुंबरबाई तिच्यापासून जरा अंतर ठेवून बसली, एक जुडी ओढून घेतली आणि निवडायला लागली. मुबशिरा मॅडम दारात आल्या, दोघींना बघून परत आत गेल्या.

"मी त्या गुंडूला लेक म्हणून सांगितलं," झुंबरबाई म्हणाली. "राग आला आसंल. परत न्हाय म्हणणार."

पोरीनं मान हलवली. नाही, ते नाही. मेथीची अर्धी जुडी निवडून झाली. मग पूर्णिमा पानांकडं बघतच बोलली.

"टावेल."

झुंबरबाईचे हात थांबले.

"आमच्या बाचं बैल असंच इकलं हुतं. मी ल्हान हुते. मला म्हाईत हुतं, टावेल म्हंजे काय." तिनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. "लांबचा मामा म्हणाला, कंपनीत कामाला लावतो. हायवेवर ढाबा हुता, तितं बसवलं. एक माणूस आला. मामानं हातावर टावेल टाकला. त्या माणसानं आत हात घातला. लई येळ चाललं. मग मामा हसला."

तिनं पुढची काडी उचलली. आत कुणीतरी भांडी लावत होतं.

"मी मागं वळून बगितलं," ती म्हणाली. "मामा कुठलं जनावर इकालाय म्हणून. भाईर बगितलं, गाडीमागं बगितलं. मी जनावर हुडकत हुते."

झुंबरबाईनं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. याच हातानं. पोरीच्या समोर, ऐटीत, पदर खोचून. आणि नंतर गुंडू हसला होता. तो हात आता कुठं ठेवावा ते तिला कळेना. तिनं तो पदराखाली घेतला. मग लक्षात आलं, की आपण पुन्हा तेच करतोय. तिनं हात बाहेर काढला आणि उताणा, पोरीला दिसेल असा गुडघ्यावर ठेवला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. कोल्हापूरच्या जुन्या बायका 'येते-जाते' म्हणत नाहीत, पुरुषांसारखं 'येतो-जातो' म्हणतात, आणि माफीही तशाच मागतात, सरळ. "तुला काय झालं ते मी कधी इचारलं न्हाय. वाटायचं, इचारलं न्हाय म्हंजे मी लई शहाणी. इचारलं असतं तर हे केलं नसतं. चुकलो मी."

"तुमास्नी काय म्हाईत."

"तरी चुकलं."

दोघींनी पुन्हा मेथी निवडायला घेतली. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, आणि या पोरीचं तर नुसतं तोंड पोळलं नव्हतं. झुंबरबाईच्या जिभेवर आलं होतं, की तुझी म्हैस दूध देत नाही, तू चल. पण तिनं ते गिळलं. ते म्हणजे पोरीच्या गळ्यात दोरी घालून ओढणं झालं असतं.

थोड्या वेळानं पूर्णिमानंच विचारलं, "ती म्हस?"

"हाय की."

"दूध देतीया?"

"देतीया. घागरभर," झुंबरबाई म्हणाली.

पूर्णिमानं पहिल्यांदा मान वर केली. "खोटं."

"व्हय, खोटं." दुधाच्या बाबतीत झुंबरबाई आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलली होती, आणि तेही पकडलं गेलं. पोरीचे डोळे बारीक झाले, कट्ट्यावर व्हायचे तसे. झुंबरबाईला इतकं हलकं वाटलं की तिनं चांगली मेथी कचऱ्यात टाकली आणि देठं ताटात ठेवली.

"तुला तिचं तोंड बगवत नसंल तर परत देऊन येतो मी," ती म्हणाली.

"न्हाय. तिचा काय गुन्हा?" पूर्णिमानं कचऱ्यातली पानं वेचून ताटात घातली. मग म्हणाली, "तिचा सौदा परत करा. तोंडानं. समद्यास्नी ऐकू जाईल आसा."

वडगावच्या बाजारात असं कधी कुणी केलेलं नव्हतं. झालेला सौदा पुन्हा करायचा, आणि तोही बोलून? लोक वेड्यात काढतील. झुंबरबाईनं जो मान इतकी वर्षं कमावला तो एका दिवसात मातीला मिळेल. तिला हे सगळं दिसत होतं.

"करतो," ती म्हणाली.

"मी बगायला येते," पूर्णिमा म्हणाली.

पुढच्या बाजारादिवशी आकारामचा टेम्पो पुन्हा वडगावला निघाला. मागं म्हैस आणि रेडी, पुढं मुबशिरा मॅडम, झुंबरबाई आणि पूर्णिमा दाटीवाटीनं. बैठक परवावर आली होती. पुण्याचा विषय मॅडमनी काढला नाही आणि कुणीच काढला नाही.

गुंडू त्याच जागी होता. म्हैस बघून त्याचं कपाळ चढलं. "काय झालं मावशी? खोट निघाली का जनावरात?"

"खोट जनावरात न्हाय, सौद्यात हाय. परत करायचाय. पैसं तेवढंच, जनावर तेच. पर तोंडानं बोलायचं, उघड्यावर."

गुंडूला आधी थट्टा वाटली. मग तो चरकला. "अवो, तोंडानं बोललो तर माझा भाव आख्ख्या बाजाराला कळंल. उद्या कोण उभं करंल मला?"

"तेवढं कर. माझं काम हाय."

"पर का?"

आता का ते झुंबरबाई कसं सांगणार? ती गोष्ट तिची नव्हती. भोवती माणसं जमली. कुणी म्हणालं, म्हातारीला ऊन लागलं. कुणी म्हणालं, दूध विकून विकून डोकं नासलं. हसणं पसरत गेलं. एरवी झुंबरबाईनं एकेकाच्या सात पिढ्या काढल्या असत्या. आज ती खाली मान घालून उभी राहिली आणि तेवढंच म्हणत राहिली, "माझं काम हाय गुंडू. तोंडानं बोल." आवाज दोन हातांवरसुद्धा जात नव्हता.

"बरं, पैशाचं काय म्हणणं आसंल तर या हिकडं," म्हणत गुंडूनं सवयीनं टॉवेल हातावर टाकला आणि हात पुढं केला.

पूर्णिमा म्हशीच्या आडून पुढं आली. मुबशिरा मॅडम तिला धरायला निघाल्या आणि थांबल्या. तिनं गुंडूच्या हातावरचा टॉवेल उचलला. त्याची नीट घडी घातली आणि त्याच्या खांद्यावर ठेवली. मग तिनं आपल्या नाकावरची ओढणी खाली ओढली. झुंबरबाईनंसुद्धा तिचा आख्खा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. लहान होती हो. अगदी लहान दिसत होती.

"पावणं," ती म्हणाली, "तोंडानं सांगा. म्हस केवढ्याला दिलीसा?"

गुंडूनं तिच्याकडं बघितलं. त्या चेहऱ्यात त्याला काय दिसलं देव जाणे. बाजारात जन्म काढलेला माणूस तो, विकलेल्याची नजर त्यानं कमी बघितली नसेल. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, हातात चुरगाळली आणि पुटपुटत आकडा सांगितला.

"ऐकाय आलं न्हाय," पोरगी म्हणाली.

गुंडूनं घसा खाकरला आणि मोठ्यानं सांगितला. आख्ख्या बाजारानं ऐकला. हसणारी माणसं गप झाली, कशानं ते त्यांनाही कळलं नसावं.

"घेतली," झुंबरबाई म्हणाली. आता मात्र आवाज असा निघाला की पलीकडच्या रांगेतल्या म्हशींनी कान हलवले.

पूर्णिमानं म्हशीचं कपाळ खाजवलं. "ऐकलंस न्हवं?" तिला म्हणाली. मग दोरी धरून टेम्पोकडं चालायला लागली. रेडी मागोमाग. गर्दीनं वाट दिली.

आकारामनं फळी लावली. म्हैस चढली, रेडी चढली, आणि पूर्णिमाही मागं त्यांच्याजवळच चढली. झुंबरबाई खाली उभी होती. परवा काय होईल, पोरगी काय म्हणेल, हे विचारायची तिची हिंमत नव्हती. ती पुढच्या दाराकडं वळली.

"आत्ती," मागून हाक आली, आत्याला मारतात तशी.

झुंबरबाईला वाटलं दुसऱ्या कुणाला मारली. आजूबाजूला बघितलं. कोणी नव्हतं.

"आत्ती, हितं या की मागं. घरला जाऊया लवकर, धारंची येळ व्हईल. तुमची ती मोगरी बादली उडवंल."

घरला, म्हणाली. मुबशिरा मॅडमनी तोंड फिरवलं आणि चष्मा पुसायला घेतला. झुंबरबाई फळीपाशी आली. गुडघे धरलेले, चढणं अवघड होतं. वरून पोरीनं हात पुढं केला. झुंबरबाईनं आपला उजवा हात आधी लुगड्याला पुसला, दोनदा पुसला, मग वर केला. पोरीनं तो घट्ट धरला, सगळ्या बोटांनी, भर उन्हात, आख्ख्या बाजारादेखत, आणि तिला वर ओढून घेतलं.